निजलेल्या बाईच्या गुडघ्यांवरून

रविवारी बाबा डोंगराच्या धारेवर गेले, तर त्यांना परत फिरवणार कोण? होविताच्या डोक्यातून हे काही केल्या जात नव्हतं.

डॉन त्रांकिलिनो, म्हणजे तिचे बाबा, आता पंचाहत्तरीला टेकले होते. हिवाळ्यात न्यूमोनियाने त्यांना झोपवलं होतं, आणि अजूनही जिना चढले की छातीत घरघर व्हायची. उभी हयात त्यांनी वाटाड्या म्हणून काढली. आता तेच काम होविताची लेक ब्रिसेइदा करत होती, आणि रविवारी आजोबांना घेऊन वर जायला तीच कबूल झाली होती. होविता मात्र शहरात, पुएब्लाला, शाळेत शिकवायची.

सकाळीच तिने बाबांना फोन केला होता.

"डॉक्टर काय म्हणाले, विसरलात?"

"चालत जा म्हणाला."

"बाजारापर्यंत चालत जा म्हणाला, बाबा!"

"मग? डोंगर बाजाराच्या पुढंच तर आहे. जरा पुढं गेलो तर तो काय पोलिसांत देतोय?"

"पण एवढं काय अडलंय तिथे?"

"पोटावर बर्फ उरलंय का बघायचंय गं. पोरं म्हणतात, संपलं. पोरं काय, काहीही बोलतात."

गावातून तो डोंगर उताण्या निजलेल्या बाईसारखा दिसतो. वाट पावलांपाशी सुरू होते, गुडघ्यांवरून चढते आणि पोटावर जाते. होविताच्या लहानपणी ते पोट पांढरंशुभ्र असायचं. उन्हात त्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागायचे. समोर ज्वालामुखी. त्याला गावात सगळे मानाने डॉन गोयो म्हणत आणि शेजाऱ्याची करावी तशी त्याची चौकशी करत. "आज कसा आहे?" "सकाळपासून फुरफुरतोय. बायकोनं झोपू दिलेलं दिसत नाही." कपडे वाळत घालायच्या आधी आई त्याच्याकडे एक नजर टाकायची. राखेचा वारा असला, तर धुणं आतच राहायचं.

बाबांची लोकांना वर न्यायची तऱ्हा वेगळी होती. ओळीत सगळ्यात कमजोर माणूस सगळ्यात पुढे. शहरातली तगडी पोरं मागे कुरकुरत. बाबा म्हणत, "त्याला धाप लागली की तुम्हालाही थांबायला निमित्त मिळेल. नाहीतर तुम्ही मेलात तरी थांबा म्हणणार नाही." धारेवर पोचलं की टोपी काढून आधी बाईला नमस्कार करायचे, मग डॉन गोयोला. "बाई आधी," ते डोळे मिचकावत सांगत, "तो तिचाच माणूस आहे. तिला मान दिला की तो आपोआप खूश."

ऑगस्टच्या अखेरीस बाईचा सण असे. त्या दिवशी गाव तिच्यासाठी नवे कपडे घेऊन वर जाई: घागरा, पोलकं, कंगवा, कानातले, आणि बायकांनी महिनाभर खपून विणलेली शाल. हे नीट पोचलं तर पाऊस वेळेवर, मका चांगला. एका वर्षी बाबांनी लहानग्या होवितालाही बरोबर नेलं. गाठोडं त्यांच्या पाठीवर होतं. गुडघ्यांच्या वर पोचले आणि गारा सुरू झाल्या, बोराएवढ्या. होविताचे दात वाजायला लागले, ओठ निळे पडले. बाबांनी सगळ्यांसमोर गाठोडं सोडलं, बाईची कोरी शाल काढली आणि लेकीला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं.

"त्रांकिलिनो, काय करतोस!" फिदेन्सिओ ओरडला. डोंगराशी बोलायचा मान त्याच्या घराण्याकडे होता. "ती बाईची आहे!"

"बाईला बर्फाची सवय आहे. हिला नाही."

"वापरलेली शाल तिला द्यायची? मका जाईल सगळा!"

"जाईल तर माझा जाईल. बाई, तुला पण आई होती ना?" असं डोंगराकडे बघून म्हणाले आणि लेकीला पाठीवर घेऊन खाली वळले. पोटापर्यंत गेलेच नाहीत.

त्या वर्षी मका बरा आला, तरी टोमणे थांबले नाहीत. गिरणीत बायका होविताला बघून म्हणायच्या, "सरका गं, बाईसाहेब आल्या, शाल कुठाय?" आईने चरफडत नवी शाल विणली आणि बाबा एकटेच ती वर पोचवून आले. "रागावली होती का?" होविताने विचारलं होतं. "थोडी," बाबा म्हणाले. "पण तुझी तब्येत विचारली."

आता तो सण आहे, पण वर जाणारे कमी. फिदेन्सिओ गेला. आईही गेली. बर्फाचं तर बाबाच जाऊन बघणार होते.

होविताने दिवसभर ठरवलं होतं, ब्रिसेइदाला बजावायचं: न्यायचं नाही म्हणजे नाही. पण रात्री भांडी घासता घासता तिला पुन्हा त्या पाठीची ऊब आठवली, आणि एक गोष्ट लक्षात आली. स्वतःसाठी बाबा आयुष्यात कधी मागे फिरले नाहीत. ताप अंगात असताना वर गेलेत, पाय मुरगळलेला असताना गेलेत. रविवारीही घरघरत्या छातीने ते पुढेच जातील, आणि ब्रिसेइदाला आजोबांना "थांबा" म्हणायचं धाडस होणार नाही. नको म्हटलं, तर कुणाला न सांगता एकटे जातील.

तिने हात पुसले. बाबांना नाही, ब्रिसेइदाला फोन करायचा. पोरीला सांगायचं, ने त्यांना, खुशाल ने. पण त्यांची धाप वाढली तर त्यांना काही बोलू नकोस. तुला गारठा सोसत नाही, तुला घरी जायचंय, असं म्हण. लाजू नकोस.

तिने नंबर लावला.