मधूचं अकरावं ड्रॉइंग

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मधूवरच वैतागलो होतो. सायकलच्या फ्रेमचं अकरावं ड्रॉइंग त्याने त्याच सकाळी पाठवलं होतं, आणि सीटखालचा सांधा मला पुन्हा पटला नव्हता. "भाऊजी, हे दुपारी जरा पडले होते, ते उठलेच नाहीत..." वहिनी म्हणाल्या. "अहो, पण सकाळीच तर ड्रॉइंग पाठवलंय त्याने!" मी चक्क भांडलो त्यांच्याशी. महिना झाला आता.

भोपाळच्या टर्बाइनच्या कारखान्यात आम्ही एकाच वर्षी लागलो. तो नागपूरचा, मी पुण्याचा. डिझाइन खात्यात मधू ड्रॉइंग काढायचा आणि मी तपासायचो. तपासणाऱ्याची सही झाल्याशिवाय कागद शॉपमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामाला, जायचा नाही, आणि सही सहजासहजी देणाऱ्यातला मी नव्हतो. लाल पेन्सिलीच्या खुणा बघून मधू म्हणायचा, "अरे यार, घरी वरणावर पण अशाच लाल खुणा करतोस का?" म्हणायचा आणि गपचूप दुरुस्त करून आणायचा.

वहिनी टाउनशिपच्या शाळेत शिकवायला सायकलने जात. निवृत्तीनंतर दोघं अयोध्या नगरात राहायला आली आणि वहिनींचे गुडघे गेले. पेडल मारता यायचं, पण पाय उचलून पलीकडे टाकणं जमेना. बाजारातली लेडीज सायकलही त्यांना उंच पडायची. मग या पठ्ठ्याने पासष्टाव्या वर्षी कॉम्प्युटरवर मॉडेल करायला शिकून घेतलं. मधला पाइप जवळजवळ जमिनीलगत घेतलेली फ्रेम तो माउसने गोल फिरवून दाखवायचा. "हे बघ, ताण वाढला की तिथे लाल होतं. तुझंच काम करतंय!" वहिनी मागे उभ्या राहून बघायच्या. "मला एकदा भाजीला माझी मी जाऊ दे, बस," एवढंच त्यांचं मागणं.

मिसरोदचा एक वेल्डर पाइप आणून बसला होता. "साब, नक्शा दे दो, आठ दिन में बना दूँगा." पण मधू म्हणाला, आधी याची सही. आता कोण विचारत होतं सही? पण आयुष्यभराची सवय! आणि मीही शहाणा, चष्मा पुसून बसलो. पाइप जाड कर म्हणालो. त्याने केला. सांध्याला पट्टी लाव म्हणालो. लावली. दर खेपेला एकच चूक काढायची आणि कागद परत करायचा. अडीच वर्षं हेच चाललं. तेवढ्या काळात वहिनींच्या हातात काठी आली, मग वॉकर आला. मला दिसत होतं... सगळं दिसत होतं. खरं सांगतो, निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारत नव्हतं. पोरं तर नाहीच नाही. दर मंगळवारी मधू विचारायचा. सही दिली असती तर तेही संपलं असतं. लाज वाटते लिहायला.

मागच्या मंगळवारी गेलो, जाणार तरी दुसरीकडे कुठे? त्याच्या खोलीत चादर बदलली होती, कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला होता. तो काढून पहिलं मॉडेल उघडलं, अडीच वर्षांपूर्वीचं. शॉपमध्ये पाठवायचं असल्यासारखं एकेक माप तपासलं, सांधे पाहिले, ताण पाहिला. जेवायची वेळ टळून गेली. एक चूक सापडली नाही. फ्रेम हलकी होती, वहिनींना एका हाताने उचलता आली असती. अकराव्या ड्रॉइंगातली मलासुद्धा उचलवली नसती. टर्बाइन तपासणारा मी, सायकलही टर्बाइनसारखीच जाड करत नेली होती.

वहिनी वॉकर सरकवत दारात आल्या. "काय भाऊजी, झालं का पास?"

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं... "थोडं राहिलंय," मी म्हणालो.

"मग असू दे," त्या समजुतीने म्हणाल्या. "हे मला नेहमी सांगायचे, वेळ लागतोय तो तुझ्याच काळजीने लागतोय. भाऊजी तुला पडू देणार नाहीत."