लेन्सचं पाणी

शेटजीनं माझा चष्मा माझ्या नाकावरून उचलला.

सांगितलं नाही, विचारलं नाही. पांढरकवड्याच्या त्या कापड दुकानात मी गादीवर बसून साड्या दाखवायचं काम करते. त्या दिवशी लग्नाचा बस्ता होता. समोर नवरी, तिची आई, मावशी, दोन काकवा, मधे साड्यांचा ढीग. मी एक भरजरी पदर उलगडून धरला होता, दोन्ही हात अडकलेले. शेटजी गल्ल्यावरून उठून आले, वाकले, दोन बोटांनी चष्मा काढला आणि कात्री-टेपच्या ड्रॉवरमध्ये टाकला.

त्याआधी एवढंच झालं होतं. नवरीची आई, मोठ्या घरची बाई, माझ्याकडं बघून म्हणाली होती, "शेटजी, ह्या बॅरिस्टरले कायले बसवलं समोर? साड्या दाखवून राह्यली का केस चालवून राह्यली?"

सगळे हसले. मीही हसले. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, हे कामाला लागताना पहिल्याच दिवशी शिकवतात.

चष्मा ड्रॉवरमध्ये गेल्यावर शेटजी म्हणाले, "घ्या ताई. आता झाली ना बरोबर."

माझा नंबर उणे सात. चष्मा नसला की समोरच्या माणसाला तोंड नसतं, नुसता रंग असतो. आणि गडद रंग तर सगळे सारखेच. बाई म्हणाली, "ते जांभळी दाखव." मी चाचपडत ढिगातून एक काढली आणि नवरीच्या मांडीवर टाकली.

ती काळी होती. बस्त्यात, नवरीच्या मांडीवर, काळी साडी.

मावशी ओरडली, "डोळे आहे का भोकं?" शेटजीनं साडी झटकन उचलली आणि बाईपुढं हात जोडले. "अडाणी लोकं आहे ताई. वस्तीवरून येते. काय समजते यायले?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पाया पड ताईच्या."

मी पडले. पाय नेमके कुठं आहेत ते दिसत नव्हतं. हात आधी गादीला लागला, मग साडीच्या ढिगाला, मग तिच्या पैंजणाला. तोवर पुन्हा एकदा हशा झाला होता.

संध्याकाळी चष्मा परत मिळाला. डाव्या काचेवर कात्रीचा ओरखडा उठला होता.

बॅरिस्टर हा शब्द मला नवा नव्हता. चौथीत असताना शाळेत डोळे तपासायला लोक आले, आणि आठवड्यानं मला चष्मा मिळाला. जाड काचा, काळी फ्रेम. वर्गात घालून गेले तर गुरुजी म्हणाले, "घ्या, वस्तीतून अजून एक बॅरिस्टर निघाली." पोरं वर्षभर तेच म्हणत राहिली. आणि मी मूर्ख, त्या पहिल्या दिवशी उड्या मारत घरी आले. आमच्या घरी भिंतीवर एकच फोटो आहे. निळा कोट, हातात पुस्तक, डोळ्यांवर चष्मा. त्याच्यापुढं माय रोज मेणबत्ती लावते. बॅरिस्टर म्हणजे काय ते मला त्या फोटोवरून माहीत होतं. ह्याहून मोठं माणूस जगात नाही, हे आमच्या वस्तीतलं रांगणारं पोरही सांगेल.

मी मायला म्हटलं, "माय, गुरुजी मले बॅरिस्टर म्हनते."

माय मेणबत्ती लावत होती. तिनं वळून विचारलं, "कोनत्या तोंडानं म्हनला थो?"

"हासून."

"मंग शिवी देऊन राह्यला थो," माय म्हणाली आणि काडी विझवली.

बस्त्यानंतर दोन दिवसांनी शेटजीनं अट घातली. गादीवर बसायचं असेल तर चष्मा नको. चष्मा हवा असेल तर वरच्या माळ्यावर जाऊन घड्या घालायच्या. पगार दोन हजारानं कमी. "तोंड चांगलं आहे तुझं, त्याच्यावर ते काय बांधून ठेवलं? लेन्स लावते आजकाल पोरी."

माळ्यावर पत्रे आहेत, खिडकी नाही. पण मला माळ्याची भीती नव्हती, हे आज खरं सांगते. मला गादी सोडवत नव्हती. माझी आजी ह्याच दुकानाच्या पायरीखाली उभी राहून लुगडं मागायची. तेव्हा ह्या शेटजींचा बाप तिच्याकडं लुगडं वरून टाकायचा. तिनं हात लावून पाहिलं की ते घ्यावंच लागायचं, आवडो न आवडो. तिची नात आता त्याच गादीवर मांडी घालून बसते आणि मोठ्या घरच्या बायका तिच्या हातचा पदर हातात घेतात. वस्तीतून पहिली मी. ते मला हवं होतं. त्यासाठी मी चष्मा काढला. दुसऱ्यानं काढला होता तो एकदा, पुढं रोज मीच काढला.

लेन्सची जोडी नऊशेला, महिनाभर चालणारी. वर बाटली आणि डोळ्यात टाकायचे थेंब. पगार सात हजार. चष्म्याच्या दुकानदारानं बाटली पुढं सरकवली. "हे लेन्सचं पाणी. रात्री डबीत हे पाणी घालायचं, त्यात लेन्स ठेवायच्या. दुसरं काही नाही." मी बाटलीवरचं इंग्रजी वाचलं नाही, वाचलं असतं तरी कळलं नसतं. दर महिन्याला नवी जोडी कुठली आणणार? पहिलीच तीन महिने ओढली.

घरी मायनं विचारलं, "काय आहे वं त्या डबीत?"

"डोळ्याच्या काचा. पान्यात ठेवा लागते."

एवढंच बोलले. फोटोसमोर उभं राहून चष्मा का काढला ते सांगायला जीभ वळली नाही. तिनंही पुढं विचारलं नाही.

पहिल्या आठवड्यात आरशासमोर अर्धा अर्धा तास जायचा. डोळा मिटायचा, काच बोटावरून गळून पडायची, मी फरशीवर रांगत शोधायची. मग जमलं. आणि जमलं तेव्हा काय वाटलं म्हणून सांगू? दुकानाच्या आरशात एक पोरगी दिसली, तिला कुणी काही म्हणालं नसतं.

जानेवारीत तीच मोठ्या घरची बाई ब्लाउजपीस घ्यायला आली. माझ्यासमोर बसली आणि मला ओळखलं नाही. शेटजीला म्हणाली, "नवीन पोरगी ठेवली का? चांगल्या घरची दिसते." मग मला विचारलं, "आडनाव काय तुझं?"

मी एक आडनाव सांगितलं.

ते माझं नव्हतं. गल्ल्यावर शेटजीनं ऐकलं आणि मान खाली घालून हसले. बाईनं खूश होऊन माझ्या हातचं पाणी मागून घेतलं. त्या दिवशी मी घरी जाताना चालत नव्हते, उडत होते. लाज वाटते सांगायला, पण उडत होते.

डोळे सकाळी लेन्स घातल्या घातल्या चुरचुरायचे. मला वाटलं, लेन्स म्हणजे हे असंच असणार. कुठली सुंदर गोष्ट फुकट मिळते? दुकानात एसी, बाहेर मार्चचं ऊन आणि जिनिंगकडून उडून येणारा कापसाचा कण. दहा-दहा तास मी डोळ्यात थेंब टाकत बसायची आणि हसत पदर उलगडायची. एका सकाळी उजवा डोळा उघडेना. उघडला तर लालभडक, उजेड सहन होईना. तशीच गेले. शेटजी बघताच म्हणाले, "असा डोळा घेऊन गिऱ्हाईकासमोर? वर जा तू." चार दिवस माळ्यावर घड्या घातल्या. पाचव्या दिवशी उजव्या डोळ्याला घडीची कड दिसेना, तेव्हा एसटी धरून यवतमाळला सरकारी दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी यंत्राला हनुवटी टेकवायला लावून बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "बुबुळावर जखम आहे. लेन्सला साधं पाणी लागलं का?"

"नाही मॅडम. लेन्सचंच पाणी वापरते."

"असं बहुतेक वेळा साध्या पाण्यानं होतं. नळाचं, विहिरीचं. आठव."

आठवून काही सापडलं नाही. दर तासाला औषध टाकायचं होतं. मी घरी आले आणि मायला म्हटलं की डॉक्टरीण पाणी लागलं का विचारते, कुठून लागणार?

मायचा चेहरा उजळला. खरंच उजळला, आपल्याकडं उत्तर आहे म्हणून. "पानी त मी रोज बदलतो ना बाई. तू झोपलेली राह्यतं. रातचं शिळं पानी फेकून देतो अन् माठातलं ताजं भरतो. बोटानं काचा अडवून धरतो. एकबी काच पडू नाही देल्ली आजवर."

तीन महिने. रोज पहाटे.

मी ओरडले. वस्तीनं ऐकलं असेल. "तुले काय समजते त्याच्यातलं? तुले कोन सांगतलं हात लावाले? अडाणी लोकं!"

तोंडातून निघालं आणि कानावर पडलं. ते माझं वाक्य नव्हतं. बस्त्याच्या दिवशी गादीवर मी ते ऐकलं होतं, पैंजण शोधायला वाकण्याआधी. शेटजीचं वाक्य मी आठ किलोमीटर चालवत घरी आणलं होतं आणि माझ्या मायच्या तोंडावर मारलं होतं.

माय रडली नाही. माठाजवळ बसली. म्हणाली, "तुह्या आजीनं जलमभर दुसऱ्याच्या रांजनातलं खालचं पानी पेलं. वरून वतत. शिळं, बुडाचं. मी ह्या घरात आली तवा ठरोलं, माह्या घरी शिळं पानी कोनालेच देनार नाही. पाव्हन्याले नाही, कुत्र्याले नाही. अन् तुह्या डोळ्याले देऊ? तू म्हनली पान्यात ठेवा लागते. मले काय माईत, पान्यापान्यात फरक हाये."

आमच्या घरात पहाटे सगळी भांडी उपडी होतात आणि नव्यानं भरली जातात, हे मी जन्मापासून बघत आले. फक्त एक वाक्य सांगायचं होतं मायला. माय, हे पाणी नाही, औषध आहे, ह्याला हात लावू नको. पण ते सांगितलं असतं तर ती विचारणार होती, चष्म्याले काय झालं. त्या प्रश्नाला मी घाबरले. म्हणून माझा डोळा गेला. मायच्या पाण्यानं नाही गेला.

जखम भरायला दीड महिना लागला. भरली, पण फूल पडलं. बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग. त्याला फूल का म्हणतात कोण जाणे. त्या डोळ्यानं आता धुरातून बघितल्यासारखं दिसतं. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लेन्स पुन्हा कधीच नाही.

मायच्या पाया पडले. ह्या वेळी पाय नीट दिसत होते, चष्मा होता. ती म्हणाली, "सर बाजूला, माठ भराचा हाये."

दुसऱ्या दिवशी, दीड महिन्यानं, दहाला दुकानात गेले. तीच जाड काच, तोच ओरखडा. माळ्याच्या जिन्याकडं गेले नाही. गादीवर जाऊन बसले. लग्नसराई होती, गर्दी होती, आणि कसं कोण जाणे, समोर पुन्हा तीच बाई. लेकीसाठी साडी घ्यायला आलेली. माझ्याकडं टक लावून बघत राहिली.

"तू थेच का? आडनाव काय सांगतलं होतं तू?"

"खोटं सांगतलं होतं," मी म्हटलं. आणि माझं खरं आडनाव सांगितलं. मोठ्यानं. शेजारच्या गादीवरची घासाघीस थांबली.

बाईचा हात साडीवरून मागं गेला. "म्हनजे थेच बॅरिस्टर."

"हो. थेच. काय दाखवू?"

शेटजी गल्ल्यावरून उठले. आले. वाकले. तीच दोन बोटं माझ्या तोंडाकडं आली. मी पदर खाली ठेवला आणि त्यांचं मनगट धरलं. घट्ट.

"हात खाली घ्या, शेटजी."

"उद्यापासून येऊ नको तू."

"बरं. मंग कागदावर लिहून द्या. चष्मा लावते म्हनून काढली. सही करा, दुकानाचा शिक्का मारा. तोंडी नाही चालत."

दुकानात कुणी हसलं नाही. शेटजी हात सोडवून घ्यायला लागले. मी सोडला. ते गल्ल्यावर जाऊन बसले. बाई उठून गेली. मी तिनं विस्कटलेल्या साडीची घडी घातली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं.

त्याला आता तीन आठवडे झाले. कागद आलेला नाही. शेटजी माझ्याशी बोलत नाहीत, मोठी गिऱ्हाइकं दुसऱ्या गादीवर पाठवतात, माझ्याकडं वस्त्यांवरच्या बायका येतात. त्यांना मी एकेक साडी हातात देते, हवी तेवढी चाचपू देते, नको असेल तर परत ठेवते. मागच्या सोमवारी सुट्टीच्या दिवशी यवतमाळला कामगार कार्यालयात जाऊन आले. कामावरून काढलेल्या माणसानं तक्रार कुठं द्यायची, कुठल्या टेबलावर, सोबत काय जोडायचं, सगळं विचारून वहीत लिहून आणलं आहे. डोळ्याचे कागद त्याच वहीत आहेत.

शेटजीनं लिहून दिलं तर तो कागद घेऊन मी तिथं जाणार. नाही लिहून दिलं तर रोज दहाला गादीवर बसणार, चष्मा लावून, फूल पडलेल्या डोळ्यासकट, माझ्या आडनावासकट. आणि ती दोन बोटं पुन्हा माझ्या तोंडाकडं आली तर मी पुन्हा मनगट धरीन. ह्या वेळी सोडणार नाही.