अळणी ताट

आमचा धंदा मिठाचा. पनवेलच्या बंदरातून गाडी भरून आणायची आणि खालापूर, कुंभिवली, साजगाव करत विकायची. माझ्यासारखं कोरडं मीठ पावसाळ्यात कुणी देत नव्हतं. हे मी आजही सांगतो, कुणाला राग येवो.

त्याच मिठाच्या घरात माझी बायको सुजली. सकाळी उठली की डोळे मिटलेले, पायात जोडवी रुतलेली. लघवी गढूळ, तीही थोडी. तिला गाडीत निजवून कर्जतला वैद्यबुवांकडे नेली. त्यांनी पायावर बोट दाबलं, खड्डा पडला तो भरेचना.

"बकऱ्याचे गुरदे पाहिलेत ना? तसे माणसालाही असतात. अंगातलं पाणी तेच गाळतात," बुवा म्हणाले. "हिचे दुखावलेत. मीठ बंद, सुकट बंद, डाळ बेताची. पेज द्या, दुध्या द्या. आहेत तेवढे तरी राखू."

घरी सांगितलं तर आई उसळली. "तिच्यापुरतं वेगळं भांडं चढवू? दोन भांडी चढली की लोक म्हनतील घर फुटलं!"

"मग सगळ्यांचंच अळणी शिजव. ज्याला पायजे त्यानं वरून मीठ घ्यावं," मी म्हटलं.

गावात कळलं. पारावर एकजण म्हणाला, "काय रं, मीठवाल्याच्या घरात अळणी? मग आमाला काय माती विकतोस?" मी त्याला पुन्हा मीठ दिलं नाही.

पण सूज हटेना. पुढच्या खेपेला बुवांनी खोदून विचारलं. शेवटी तिला म्हणाले, "बाई, तू जेवतेस कशात?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "यांच्याच ताटात. यांचं झाल्यावर."

बुवांनी कपाळाला हात लावला. माझ्या ताटात मीठ कालवलेलं, कडेला भाजलेली सुकट. मी तिच्यासाठी चार घास ठेवून उठायचो; माझ्यामागून ती त्यातच आपलं वाढून ताट पुसून खात होती. आमच्यात बायका तशाच जेवतात, त्यात कुणाला काय दिसणार?

"उद्यापासून वेगळं ताट घे," बुवा म्हणाले.

"नवरा जित्ता असताना? नाय घेनार."

गाडीत मी रागावलो, समजावलं. ती जू टाकून बसलेल्या बैलासारखी अडून राहिली. मग मीच मीठ सोडलं, सुकटही. पहिला घास गिळवेना. ती हसली, "अवं, आता तुमचंच तोंड सुजल्यावानी दिसतंय."

त्यानंतर सूज उतरली. जोडवी सैल झाली, ती शेणगोठा करू लागली. मला वाटलं, जिंकलो. बुवा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "पथ्यानं उरलेलं जपलं. पण उरलंय फार थोडं. हे आधी व्हायला हवं होतं."

भात झोडायच्या दिवसांत तिला पुन्हा धाप लागली. अन्न वास मारतंय म्हणायची. पेजही पोटात ठरेना. खळ्यावरची रास उचलायच्या आत ती गेली.

तिचे तेरा दिवस झाले तेव्हा आईनं माझ्या ताटात चिमूटभर मीठ ठेवलं. "आता तरी घे रं."

"नाय."

आजवर नाय घेतलं. मीठ विकलं, खाल्लं नाय. आई गेली, पोर मोठं झालं, सून आली, तीही सांगून थकली. जेवून उठतो तेव्हा ताटात चार घास तसेच ठेवतो, हाताची सवय आहे. अळणी असतात. सून उचलून कुत्र्याला घालते, तेही हुंगून जातं.