सुशीलाबाईंचं मनगट आणि कोपऱ्यातला सेट

भूत, भानामती, करणी... यातलं काहीही मी मानत नाही. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी मला अंगारा पाठवून देईल. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. जे मोजता येतं ते आहे, बाकीच्या गप्पा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मी टेस्टिंग बघायचो. आम्ही रडारचे सुटे भाग बनवायचो. ते तपासायला मिलिमीटर लहरी, म्हणजे रेडिओच्याच पण फार आखूड लहरी, सोडणारा एक सेट होता. पितळी भोंग्यातून लहरी बाहेर पडायच्या, पण ताकद इतकी कमी की चमचाभर पाणीसुद्धा कोमट होऊ नये.

वायरिंगला सुशीलाबाई होत्या, पिंपरी गावातल्या. सोल्डरिंग करताना त्यांचं मनगट भाजलं आणि जखम काही केल्या भरेना. मलमं झाली, इंजेक्शनं झाली. नवऱ्याची नोकरी सुटलेली, सगळं घर बाईंच्या पगारावर. त्यात मॅनेजरने बजावलेलं — दिवाळीपर्यंत हात बरा झाला तर पर्मनंट, नाहीतर घरी बसा. त्या माणसाचा मला तेव्हा राग आला होता, आजही येतो.

तोवर हलकं काम म्हणून बाईंना माझ्या टेबलावर दिलं. भोंग्यासमोर भाग धरून बसायचं, एवढंच. थोड्या दिवसांनी त्या म्हणाल्या, "साहेब, ह्ये चालू असलं की हाताची आग थांबती."

"मनाचे खेळ आहेत, बाई."

"असंल. पर थांबती."

मग मात्र मला राहवेना. स्टोअरमध्ये तसलाच एक जुना सेट पडून होता. तो आणून कोपऱ्यात मांडला. जेवणाच्या सुट्टीत बाई त्याच्यासमोर मनगट धरून बसायच्या. मी तपासल्याशिवाय विश्वास ठेवणारा नव्हे. सेटच्या दिव्यावर चिकटपट्टी लावली, बाईंच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. पंख्याची हवा सेटच्या मागून जायची, आणि शेजारी कंप्रेसर एवढा धडधडायचा की तो पंखा किंवा बटण मलाच ऐकू यायचं नाही. मग मनाला येईल तेव्हा बटण दाबायचो. बाई सांगायच्या, "आता चालू हाय... आता बंद केलं." एकदाही चुकल्या नाहीत.

आणि जखम कडेनं सुकत गेली. आत गुलाबी कातडी दिसायला लागली. मी तर कॉलर ताठ करून फिरत होतो. लहरी कातडीच्या पेशींवर काम करतात, हे कँटीनमध्ये ज्याला त्याला ऐकवत होतो. नवरात्र येईपर्यंत हात पूर्ण बरा झाला. मॅनेजरने स्वतः बघितला आणि बाईंना परत सोल्डरिंगवर घेतलं.

खंडेनवमीला पूजेआधी आम्ही सगळे सेट उघडून आतली धूळ काढायचो. कोपऱ्यातला सेट मी स्वतः उघडला... आत ट्यूबच नव्हती. म्हणजे दिवा लागत होता, पंखा फिरत होता, पण लहरी जिच्यातून निघतात ती ट्यूबच जागेवर नव्हती.

स्टोअरकीपर म्हणाले, "अहो, ती पावसाळ्याआधीच काढून तुमच्या चालू सेटला लावली की. हा पडीक सेट कोण वापरणार म्हणून झाकण परत बसवून टाकलं." एकाचा पार्ट काढून दुसऱ्याला लावायचा, ही आमच्याकडची रोजचीच रीत. लहरी मोजायचा मीटर कायम माझ्या टेबलावरच्या सेटला जोडलेला असायचा, त्यामुळे याला लावून बघायचं मला सुचलंच नव्हतं.

फार खजील झालो. तसाच बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

त्यांनी हातातली इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची हो, खाली ठेवली. "म्हंजी लहर नव्हतीच त्याच्यात?"

"नव्हती, बाई."

त्यांनी मनगट उलटसुलट करून बघितलं. "मग साहेब, तुमी गुपचूप बटण बंद केलं, ते मला कळायचं कशानं?"

दिवाळीत बाई पर्मनंट झाल्या. त्या वर्षी मला याहून मोठा आनंद कशाचाच झाला नाही. लहरींबद्दल मी आजही कोणाशीही वाद घालायला तयार आहे. त्या बटणाचा विषय निघाला, की मात्र मी चहा मागवतो.