साहेबाची करंगळी

माझा नातू चाकणच्या एका कंपनीत आहे. त्याच्याबरोबर कंपनीतले कुणी घरी आले, की दारातूनच हात पुढे करतात आणि "हॅलो आजी" म्हणतात. मी झटकन दोन्ही हात पदराखाली घेते आणि लांबूनच मान हलवते. नातवाला वाटतं, आजी जुन्या वळणाची, परक्या पुरुषाचा हात कशी धरेल! वाटू दे. वळणाचा यात काही संबंध नाही. मला पुढे आलेल्या हाताची भीती वाटते, आणि ती माझ्या सासऱ्यांनी एका साहेबाचा हात धरला त्या उन्हाळ्यापासूनची आहे.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. माहेर तळेगावचं, सासर चिंचवडजवळच्या एका खेड्यात. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. ते बैलांचे दलाल. शनिवारी चाकणला बाजार भरायचा, त्यासाठी ते शुक्रवारीच मोशीवरून इंद्रायणी ओलांडून जायचे. चाकणच्या बाजारात त्यांच्या शब्दाला मान होता असं सगळे म्हणत, पण खरं तर तो मान शब्दाला नव्हता, हाताला होता.

बाजारात बैलाची किंमत कुणी तोंडाने बोलत नसे. मामंजी विकणाऱ्याचा हात हातात घ्यायचे, वर उपरणं टाकायचे, आणि आत बोटं दाबून काय ते ठरायचं. मग तसंच घेणाऱ्याशी. किती बोटं धरली त्यावर किंमत. भोवतीच्या बघ्यांना फक्त उपरणं हलताना दिसायचं. एकटी करंगळी दाबली तर नकार. सबंध हात घट्ट धरला की सौदा झाला. हे सगळं आमच्या ह्यांनी मला चुलीपाशी बसून शिकवलं होतं, आणि मी लाजून हात सोडवून घेतला तर म्हणाले होते, "बघ हां, सौदा मोडशील!" थट्टेत म्हणाले, पण बाजारात ती थट्टा नव्हती. तिथे एकदा हात दिला की बैल गेला. मग कुणी दुप्पट द्यायला आला तरी उपयोग नाही. हात देऊन फिरलेल्या माणसाचा हात तिथे पुन्हा कुणी धरत नसे.

मामंजींचं रान एकच, नदीकाठचं. त्यात विहीर. ती त्यांनी स्वतः खणली होती, आणि आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, डोक्यावरच्या पाटीतून मुरूम वर आणला होता. तो मुरूम अजून बांधाला पडलेला होता. आत्याबाई येताजाता त्याच्याकडे बोट दाखवायच्या.

त्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात साखळ्या घेऊन माणसं हिंडू लागली. पलीकडच्या गावची रानं कारखान्याला गेली होती. आता आमची पाळी, अशी कुजबुज होती. कुणी म्हणे रस्ता होणार, कुणी म्हणे कारखाना, कुणी म्हणे नुसती मोजणी आहे, तुम्ही कशाला घाबरता. मी मूळचीच भित्री. त्यात पोटुशी. "पोटुशीनं भिऊ नये, पोर भेदरट निपजतं," असं आत्याबाईंनी बजावून ठेवलेलं, त्यामुळे मला भ्यायचीसुद्धा भीती वाटायची.

एक दिवस मी ताकाची चरवी घेऊन रानात गेले, तर विहिरीवर साहेब उभा. तरुण होता. डोक्यावर हॅट, बुटांवर धूळ, आणि बोलणं मुंबईचं. मोजणीचा मोठा साहेब तो हाच. मी आंब्याच्या खोडाआड थांबले.

"पाणी बारमाही आहे का हो, बाबा?" त्याने विचारलं.

"बारमाही? अवो साहेब, वैशाखात बी मोट थांबत न्हाई. चाखून बघा की, खडीसाखर हाय."

झालं! मामंजींमधला दलाल जागा झाला. बैलाचे दात दाखवावेत तसं त्यांनी सगळं रान साहेबाला फिरून दाखवलं. माती मुठीत घेऊन दाखवली. मला हाक मारून चरवी मागून घेतली, आणि ताकही साहेबाच्या पोटात गेलं. निघताना साहेब म्हणाला, "बाबा, तुमची जमीन मला फार आवडली." आणि त्याने हात पुढे केला.

मामंजींनी तो धरला. विचार करून नाही. समोरून 'आवडली' म्हणत हात आला की जन्मभर त्यांचा हात जसा जायचा, तसा गेला. साहेबाने तो घट्ट दाबला, वरखाली हलवला आणि हसत निघून गेला.

मामंजी तिथेच उभे राहिले. हात तसाच पुढे. मी जवळ गेले तेव्हा त्यांच्या ओठांचा रंग उडाला होता.

"सूनबाय, तू बघितलंस? त्यानं आवडली म्हणलं. अन् हात घेतला."

मी विहिरीच्या दगडावर बसले.

घरी आल्यावर आमचे हे आधी हसले. "आबा, साहेब लोकांचा तो रामराम असतो. आला की हात, निघाला की हात. इसार न्हाई, किंमत न्हाई, सौदा कसला?"

"किंमत सांगितली असंल त्यानं," मामंजी म्हणाले. "मलाच त्याची बोटं कळली न्हाईत. अंगठा दाबला त्यानं. अंगठ्याचं काय असतं?"

हे ऐकून ह्यांचंही हसू गेलं. अंगठ्याचं काय असतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. बाजारात कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की लोक विचारणार, कुणाचा हात घेतलास आणि कशाचा. मामंजी त्या शनिवारी चाकणला गेलेच नाहीत. पुढच्याही नाहीत. उजवा हात उपरण्यात गुंडाळून ओसरीवर बसायचे. हात पाळावा तर रान जातं, मोडावा तर हात जातो, आणि हात गेला तर दलालाजवळ राहिलं काय? भाकरी समोर आली की डाव्या हाताने चिवडायचे आणि ताट सारायचे.

आत्याबाईंना मात्र भीतीपेक्षा राग जास्त आला. त्या अंगणातून कडाडल्या, "तुमच्या एकट्याची हाय व्हय जमीन? मुरूम म्या वाहिलाय. माझा हात धरला व्हता का त्या साहेबानं?" एरवी मला हसू फुटलं असतं. तेव्हा मी आत जाऊन कणगीला पाठ लावून बसले आणि पोटावर हात ठेवला. आतलं पोर हललं. मला स्पष्ट वाटलं, हे जन्मायच्या आत आपण उघड्यावर येणार. माझं भ्यालेलं रक्तच त्याला पोचतंय, असंही वाटलं, आणि मग मी आणखी घाबरले.

आंब्यांचे दिवस सरत आले तेव्हा मामंजींनाच एक वाट सुचली. किंमत कळलेली नाही, म्हणजे सौदा अजून अर्धाच आहे. अर्धा सौदा मोडता येतो, त्यात बेइमानी नाही. फक्त ज्याचा हात धरला, त्याचाच हात पुन्हा धरून करंगळी दाबायची. ह्यांनी समजावून बघितलं की साहेबाशी तोंडाने बोला, अर्ज करा. मामंजी म्हणाले, "हातानं दिलेलं हातानंच परत घ्याया लागतं."

मला सातवा लागला होता. माहेरी न्यायला भाऊ यायचा होता, पण तो तापाने पडला. मामंजी म्हणाले, मीच पोचवतो. त्यांच्या मनात काय आहे ते मला टांग्यात बसतानाच कळलं. साहेबाचा तंबू चिंचवड स्टेशनच्या पलीकडे होता, आणि आमची गाडी दुपारची.

तंबूपुढे लिंबाच्या सावलीत आम्ही बसलो. मामंजी उजव्या हाताची बोटं एकेक करून दाबत होते, तालमीत जायच्या आधी पोरं करतात तशी. मग ते उठून तंबूच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. साहेबाच्या पट्टेवाल्याने मला तांब्याभर पाणी आणून दिलं. म्हातारा कशाला आलाय, त्याने विचारलं. मी म्हटलं, जमिनीचं बोलायला.

तो हळूच म्हणाला, "ताई, उगा उन्हात बसलाय. साहेब नुसता मोजतोय. ठरवणारे मुंबईला. अन् ते कवाच ठरलंय. दिवाळीच्या आत हद्दीचे दगड रोवायचेत."

मी न पिताच तांब्या खाली ठेवला. मामंजींनी यातलं काही ऐकलं नव्हतं. तेवढ्यात साहेब बाहेर आला. त्याने मामंजींना ओळखलं, हसला, आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "नमस्कार, बाबा!"

खेड्यातल्या म्हाताऱ्यांना हात देऊ नका, नमस्कार करा, असं मधल्या काळात कुणीतरी त्याला शिकवलं असावं. मामंजी त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले. एवढे दिवस ते ज्या हातासाठी झुरले, तो समोर होता आणि पुढे येत नव्हता. माझ्या मनात आलं, आता मामंजीही हात जोडतील आणि आपण निघू. देवा, जोडू देत, असंही मी म्हटलं.

मामंजींनी हात जोडले नाहीत. दोन पावलं पुढे जाऊन त्यांनी साहेबाचा उजवा हात नमस्कारातून ओढून घेतला आणि वर उपरणं टाकलं.

"ए म्हाताऱ्या!" पट्टेवाला धावला. साहेबाने डाव्या हाताने त्याला थांबवलं. तो अजून हसत होता, त्याला गंमत वाटत होती. मामंजींनी डोळे मिटले. उपरण्याबाहेरच्या त्यांच्या मनगटाच्या शिरा तट्ट फुगलेल्या मला दिसल्या. मग साहेबाचं हसू थांबलं. तोंड वेडंवाकडं झालं आणि त्याने "स्स" केलं. मी लिंबाचं खोड धरलं. आता पोलीस बोलावणार, मामंजींना बेड्या घालणार, आणि मी हे एवढं पोट घेऊन एकटी रस्त्यावर. खोडाची साल माझ्या नखांत गेली होती, हे नंतर कळलं.

साहेबाने झटक्याने हात मागे घेतला. करंगळीकडे बघितलं, ती झटकली, आणि मोठ्याने हसून म्हणाला, "ताकद आहे हो बाबा अजून!" मग तो आत निघून गेला. त्याच्या लेखी तिथे दुसरं काहीच घडलं नव्हतं.

फलाटावर मामंजी वेगळेच झाले होते. त्यांनी मला खारे शेंगदाणे घेऊन दिले. सुनेशी इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मोडला गं, सूनबाय! त्यानं हात मागं घेतला, बघितलंस न्हवं? मागं घेतला म्हंजी मान्य केलं. मानूस इमानदार हाय." त्यांनी उजव्या हातानेच शेंगदाणे सोलून खाल्ले. आणि माझ्या कानात पट्टेवाल्याचं बोलणं. कित्येक दिवसांनी हा माणूस धड काही खात होता, त्याला मी ते कसं सांगू? त्यांची भीती उतरली आणि ती सगळी माझ्या अंगावर चढली. तळेगाव येईपर्यंत मी पुडी तशीच मुठीत धरून बसले होते.

माहेरी मला मुलगी झाली. सासरहून निरोप घेऊन कुणी आलं, की माझं दूध आटायचं. निरोप चांगलाच असायचा. मामंजी पुन्हा चाकणला जायला लागले, बाजारात त्यांचं बरं चाललंय, असं येणारा सांगायचा. मी ऐकायची आणि दिवाळीला किती दिवस उरलेत ते मनात बघायची.

मला न्यायला आमचे हे आले तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. स्टेशनपासून टांगा केला. वळणावर आमचं रान लागलं, तसा मी टांगा थांबवायला लावला. पिकात पांढरे दगड दिसत होते, चुन्याने रंगवलेले, एका रेषेत. एक तर विहिरीला लागूनच रोवलेला. त्याच्यापाशी मामंजी उकिडवे बसले होते.

मी पोरीला घेऊन बांधावरून गेले. नात पहिल्यांदाच त्यांच्यासमोर आली होती, पण त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"म्या तर मोडला व्हता," ते म्हणाले.

मी पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"तू व्हतीस तिथं. त्याची करंगळी दाबली का न्हाई म्या?"

"दाबली, मामंजी. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"मंग ह्यो दगड कसा आला?"

इतके महिने ज्याला भीत होते ते हेच. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि म्हटलं, "मामंजी, साहेबाला ती बोटं येतच नाहीत. त्याला काही कळलं नाही. ना त्या दिवशी, ना आधी रानात."

त्यांनी आपला उजवा हात उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"मंग त्यानं हात कशाला पुढं केला व्हता?" त्यांनी मला विचारलं.