बडेबाबूंचं ताट

समतेची खरी कसोटी चुलीपाशी होते. हे वाक्य माझं आहे. देवरीतल्या एका जयंतीच्या सभेत, टाळ्यांना जागा सोडून, मी ते म्हटलं होतं. टाळ्या पडल्या. आमच्या कार्यालयातल्या बडेबाबूंनीही वाजवल्या. त्याच भरात मी त्यांना बुद्धपौर्णिमेला घरी जेवायला बोलावून बसलो. दोन हजार पाच-सहाचं साल असेल.

बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क. चिचगडकडचे, धानाची शेती असलेल्या घरातले. माणूस सभ्य. माझी बदलीची फाईल त्यांनी दोनदा दाबून ठेवली होती, माझ्याच विनंतीवरून. पण नऊ वर्षांत आमच्या घरी त्यांनी फक्त केळी खाल्ली होती. चहा ते नेहमी 'आत्ताच घेऊन' आलेले असत आणि फराळ पुढे आला की त्यांचा उपास निघे. केळ्याला साल असते. ते कुणाच्या घरात शिजत नाही. आम्ही बौद्ध. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. दोघंही सरकारी नोकर होतो.

"तो काई जेवत नाई," बायको म्हणाली. "मी मरमर रांधीन, अन् तो ताटाले हात जोडून उठंल. मंग ते भरलेलं ताट कोनं उचलाचं? मी? तुमीच बोलावलं, तुमीच रांधा."

मग मीच रांधलं. वरण, भात, वांग्याची भाजी, खीर. मे महिना होता आणि अकरा वाजता भारनियमनानं पंखा नेला. बायको दारात सूप घेऊन बसली. सुपात निवडण्यासारखं काही नव्हतं. शेजारचा वनरक्षक, माझा जुना दोस्त, साडेअकरालाच येऊन टेकला होता. बडेबाबूंच्या स्कूटरचा आवाज ऐकू येतो का म्हणून मी गॅस सोडून तीनदा रस्त्यावर जाऊन आलो.

"बसा ना भाऊ," वनरक्षक म्हणाला. "तुमी तं नवरी पाहाले येनार असल्यावानी करून राहिले."

साडेबाराला ते आले. हातात डझनभर केळी होती. बायकोनं आधी केळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  मग सूप उचलून आत गेली.

ताटं वाढली. वनरक्षक लगेच सुरू झाला. बडेबाबूंनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. ते एकदा पाणी प्यायले, ताटाकडे बघत राहिले. मग भातावर वरण कालवलं. घास उचलला. तोंडात घातला आणि ते थांबले. सावकाश चावला. गिळला. नंतर दोन बोटांनी सगळा भात ताटाच्या कडेला सारला.

माझे कान तापले. बायको पळी हातात धरून तशीच उभी होती. माझं मन राखायला त्यांनी एक घास खाल्ला, असं मला वाटलं, आणि तो घास न खाता उठले असते तर परवडलं असतं. सभेत म्हणता येणार नाही असं एक वाक्य मी जुळवलं होतं. उद्यापासून त्यांच्यासमोरच्या टेबलावर कसं बसायचं, याचाही विचार करून झाला होता.

"बडेबाबू," मी सुरुवात केली, "जेवायचं नसेल तर—"

"काऊन बाबू," ते म्हणाले, "भात गंजाले लागला का?"

मला आधी कळलंच नाही. गंज म्हणजे भाताचं पातेलं, आणि भात त्याला लागला म्हणजे करपला, हे मला खरं तर लहानपणापासून माहीत होतं.

"लागला म्हंजे?" वनरक्षक म्हणाला. "जळला हाय पार. मी मघापासून बोलून नाई राहिलो. म्हटलं, पौर्णिमेचा काई प्रकार असंल."

बायको हसली. इतकी हसली की तिला पळी खाली ठेवावी लागली. तिनं पटकन तव्यावर चार पोळ्या टाकल्या. बडेबाबूंनी चारही संपवल्या, भाजी दोनदा मागितली, खिरीची वाटी बोटानं पुसून घेतली. समता, चूल, कसोटी यांबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत.

हात धुताना ते तिला म्हणाले, "वयनी, यायले रांधू देत नका जाऊ."

ते गेल्यावर मी आत जाऊन गंज पाहिला. तळाशी बोटभर काळा थर होता. तो घासायला दोन दिवस लागले, आणि मलाच घासावा लागला.