भिंतीपलीकडचा नवरंग

रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाल्यावर राममूर्तींनी तमिळ मुलखातल्या वेळचेरीच्या घरामागचे अंगण पाखरांना वाहिले. राळ्याची टांगती भांडी, पाण्याची पसरट परळे, बसायला आडव्या काठ्या. आणि सारे झाडून लख्ख. बुलबुल येत, कावळे तर हक्काने येत. पण ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो नवरंग आश्विनात उत्तरेकडून दमूनभागून येई आणि नेमका भिंतीपलीकडे, चारुलतेच्या परसात उतरे.

चारुलता बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून आलेली. तिच्या परसात बदामाची पाने कुजत पडलेली असत. हिरव्या पाठीचा, निळ्या खांद्यांचा, बुडाशी शेंदरी असा तो पाहुणा ती पाने उलथून किडे टिपी.

"मामा, तो रंगीत कोंबडा आलाय हं!" ती भिंतीवरून सांगे.

कोंबडा! राममूर्तींच्या काळजात सुई शिरे.

"पळ्ळिकरणैच्या पाणथळीत पहाटेपासून ताटकळून मला जे दिसत नाही, ते हिला भांडी घासताना दिसतं," ते बायकोपाशी धुमसले.

"मग जा, तिच्याकडची भांडी घासा," तुळसी म्हणाली.

दीपावळीच्या तोंडावर ते भिंतीशी गेले. "सणाला परस असं बरं नाही, अम्मा. आमची कामवाली धनलक्ष्मी झाडून देईल."

चारुलता भारावली. कुजकी पाने गेली की किडे जातात आणि किड्यांमागून नवरंग, हे राममूर्तींना पक्के ठाऊक होते. उपकाराच्या मखरात त्यांनी असूया बसवली होती.

पाने पावसाने भिजलेली, पेटेनात. धनलक्ष्मीने ती राममूर्तींच्याच कडुनिंबाखाली ओतली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ढिगात नवरंग! आयुष्यभराची आस हाताच्या अंतरावर नाचत होती आणि राममूर्तींना मात्र धास्ती पडली: हिला दिसला तर?

सांजावताना चारुलता चिवड्याची ताटली घेऊन भिंतीशी आली. "परस छान झालं, मामा. पण तो आज आलाच नाही. मांजरानं तर नसेल ना...? तुमच्याकडे दिसला?"

"नाही," ढिगाऱ्यासमोर आडवे उभे राहत राममूर्ती म्हणाले.

तमिळ माणसे नवरंगाला सहा वाजताचा पक्षी म्हणतात, ते उगाच नव्हे. त्यांच्या पाठीमागून दोन सुरांची स्वच्छ शीळ उमटली.

चारुलतेने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. "आहे म्हणजे!" ती सुटकेचा श्वास टाकून म्हणाली. "खाऊ दे बिचाऱ्याला. चिवडा घ्या, मामा."

तिच्या स्वरात राग नव्हता. राममूर्तींना त्याचाही हेवा वाटला.